कानातल्या रक्ताचा माग

चक्कर येते म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाला एक वाक्य बऱ्याचदा ऐकायला मिळतं : 'कानाच्या नसेचा रक्तपुरवठा कमी झालाय.' एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, कानात दिवसरात्र शिट्टी वाजायला लागली, तरी पुष्कळदा हेच वाक्य. सोबत रक्तपुरवठा वाढवणारी म्हणून एक गोळी. रुग्णालाही हायसं वाटतं. दुखण्याला निदान नाव तरी मिळालं!

पण हे कळलं कसं? रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या अँजिओग्राफीत दिसतात. नेत्रतज्ज्ञ तर बाहुलीतून डोकावून दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या थेट पाहतात. कानाच्या बाबतीत मात्र डॉक्टर पडदा तपासतात, श्रवणचाचणीचा आलेख काढायला सांगतात, फार तर एमआरआय करतात. यांपैकी एकाही तपासणीत अंतर्कर्णातून किती रक्त वाहतंय हे कळत नाही. जिवंत माणसाच्या अंतर्कर्णातला रक्तप्रवाह मोजून त्याचा आकडा हातात देणारं यंत्र अजून दवाखान्यांत रोजच्या वापरात आलेलं नाही.

म्हणजे ते वाक्य हा अंदाज असतो. अंदाज प्रत्येक वेळी चुकतो असं नव्हे, काही वेळा तो अगदी बरोबरही असतो. तरी अंदाज तो अंदाजच. मोजणं इतकं अवघड का आहे आणि संशोधक ते कुठवर करू शकले आहेत, हे समजून घेतलं की त्या वाक्याचं आणि त्या गोळीचंही वजन आपल्याला ठरवता येतं.

जागाच अडचणीची

अंतर्कर्णाचे दोन भाग. एक तोल सांभाळणारा, दुसरा ऐकणारा. ऐकणाऱ्या भागाला कॉक्लिया म्हणतात. गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची ही नळी उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. गुंडाळलेल्या अवस्थेत ती वाटाण्याएवढ्या जागेत मावते. ही जागा आहे शंखास्थीच्या आतल्या भागात, म्हणजे शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी एकात. आत द्रव भरलेला आणि त्या द्रवाच्या हालचाली टिपणाऱ्या केसपेशी. प्रत्येक कानात आतल्या ओळीत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या ओळींत सुमारे बारा हजार. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

भोक पाडून आत पाहावं म्हटलं, तर द्रव गळतो, दाब बदलतो आणि ऐकणंच धोक्यात येतं. मोजण्याच्या खटपटीतच मोजायची वस्तू बिघडते, ही पहिली अडचण. दुसरी, ही रक्तवाहिनी फारच बारीक आहे. मेंदूच्या तपासणीत मोठ्या धमन्या ठळक दिसतात, पण अंतर्कर्णाची धमनी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच. नेहमीच्या स्कॅनमध्ये ती दिसेलच याची खात्री नसते. आणि तिच्या टोकाला असलेल्या केशवाहिन्या तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या किंवा त्याहूनही बारीक.

> चौकट : हृदयापासून कानापर्यंत
> हृदयातून निघालेलं रक्त मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर चढणाऱ्या दोन कशेरुक धमन्यांत येतं. कवटीत शिरल्यावर या दोघी मिळून बॅसिलर धमनी बनते. तिच्यापासून लहान मेंदूकडे जाणारी एक शाखा फुटते आणि बहुतेक माणसांत त्या शाखेलाच अंतर्कर्णाची धमनी फुटते. तिची एक शाखा तोलाच्या अवयवाकडे, दुसरी कॉक्लियाकडे.
> कॉक्लियाला दुसरा पर्यायी पुरवठा जवळपास नाहीच. ही वाट बंद झाली तर शेजारून रक्त वळवून आणता येत नाही.
> मानेच्या पुढच्या बाजूला बोटांना ठोके लागतात ती कॅरॉटिड धमनी अंतर्कर्णाला रक्त पुरवत नाही. त्यामुळे कॅरॉटिडचा डॉप्लर 'नॉर्मल' आला, यावरून कॉक्लियाविषयी काही कळत नाही.

रक्त हवं, पण जवळ नको

अगदी मंद आवाजाने कानाचा पडदा जेवढा हलतो, ते अंतर एखाद्या अणूच्या व्यासाहूनही कमी असतं. इतक्या नाजूक यंत्रणेशेजारून ठोके देत रक्त वाहू लागलं, तर आपल्याला सगळ्यात आधी स्वतःची नाडीच ऐकू येईल. म्हणूनच केसपेशींच्या अगदी लगत रक्तवाहिन्यांचं जाळं नाही. ते आहे पलीकडच्या भिंतीवर, एका पट्टीत. इटालियन शरीररचनातज्ज्ञ अल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ मध्ये कॉक्लियाच्या रचनेचं जे वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात ही पट्टी आहे. तिला 'स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस', म्हणजे रक्तवाहिन्यांची पट्टी, म्हणतात.

ही पट्टी रक्तातला प्राणवायू आणि साखर वापरून आतल्या द्रवात पोटॅशियम ढकलत राहते. त्यामुळे त्या द्रवात आणि आजूबाजूच्या भागात ८० ते १०० मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी हा दाब १९५० च्या सुमारास मोजला. कॉक्लियातल्या लहरींवरच्या कामासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. आवाज आला की केसपेशींची झडपं उघडतात आणि या दाबाच्या जोरावर पोटॅशियम आत घुसतं. म्हणजे ऐकण्यासाठी लागणारी ऊर्जा केसपेशींपासून दूर, त्या पट्टीत तयार होते.

आता रक्त थांबलं तर काय होईल? प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की प्राणवायू तोडल्यावर हा विद्युतदाब एक-दोन मिनिटांत कोसळतो आणि ऐकण्याचे विद्युत संकेतही त्याबरोबर जातात. थोड्या वेळात रक्त पुन्हा सुरू झालं तर कान सावरतो. जास्त वेळ गेला तर नाही. प्रवाह मोजण्यासाठी एवढी धडपड का, याचं उत्तर या काही मिनिटांत आहे.

मोजायचे तर मणी

पहिला मार्ग सरळ गणिताचा होता. रक्तात तरंगतील असे, पण केशवाहिनीतून पार होणार नाहीत एवढे, साधारण १५ मायक्रॉनचे किरणोत्सारी मणी प्राण्याच्या डाव्या हृदयकप्प्यात सोडायचे. रक्ताबरोबर ते अंगभर पसरतात आणि जिथे जितकं रक्त जातं तिथे तितके अडकतात. त्याच वेळी एका धमनीतून ठरलेल्या वेगाने रक्त काढून घ्यायचं. समजा, मिनिटाला १ मिलिलिटर या वेगाने काढलेल्या रक्तात १,००० मणी सापडले आणि एखाद्या अवयवात १०० अडकले, तर त्या अवयवाला मिनिटाला ०.१ मिलिलिटर रक्त मिळत होतं.

हिशोब स्वच्छ आहे आणि आकडाही खऱ्या एककात येतो. पण मणी मोजायचे तर प्राण्याला मारून तो अवयव बाहेर काढावा लागतो. म्हणजे एका प्राण्याकडून एका क्षणाचीच माहिती. शिवाय कॉक्लियाच्या वाट्याला मणीच फार थोडे येतात. भरवशाचं उत्तर हवं तर एका नमुन्यात सुमारे ४०० मणी असावेत, असं १९७१ मध्ये दाखवून देण्यात आलं होतं. कॉक्लियासारख्या इवल्याशा अवयवात तेवढे जमवायचे तर मण्यांचा एकूण डोस एवढा वाढवावा लागतो, की ठिकठिकाणी केशवाहिन्या बंद करून तेच रक्ताभिसरण बिघडवू लागतात.

दुसरा मार्ग थेट पाहण्याचा. १९५५ मध्ये पर्लमन आणि किमुरा यांनी जिवंत प्राण्याच्या कॉक्लियाच्या भिंतीतलं हाड खरवडून तिथून सूक्ष्मदर्शकाने रक्तवाहिन्या पाहिल्या. तांबड्या पेशी एकामागून एक सरकताना दिसल्या. पुढे चमकणारी रंगद्रव्यं आणि चांगले कॅमेरे आले आणि एकेका केशवाहिनीतला वेग काढता येऊ लागला. पट्टीतल्या केशवाहिन्यांना बिलगून बसलेल्या पेशी प्रवाहावर ताबा ठेवतात, फार मोठ्या आवाजाने काही प्राण्यांत प्रवाह मंदावतो, हे सगळं अशाच खिडक्यांतून समजलं. माझ्या मते या विषयातलं सर्वांत विश्वासार्ह ज्ञान या जुन्या, चिकाटीच्या पद्धतीनेच दिलं आहे. पण माणसाच्या कानात अशी खिडकी पाडता येत नाही.

लेझर आणि तंबोरा

हाड न फोडता मोजायचं तर प्रकाश वापरावा लागेल. इथे १८४२ मधली एक कल्पना कामाला आली. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी म्हटलं की लहरी सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लहरी दाटतात, लांब जात असेल तर विरळ होतात. तीनच वर्षांनी हॉलंडमध्ये युट्रेक्टजवळ बॉइस बालोट यांनी आगगाडीवर तुतारीवादक बसवून ते पडताळलं. गाडी जवळ येताना सूर चढा, दूर जाताना उतरता. आज फाटकाशी उभं राहून इंजिनाची शिट्टी ऐकणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे.

प्रकाशही लहरींचाच. एका रंगाचा लेझर ऊतीवर टाकला तर काही प्रकाश स्थिर हाडावरून, स्थिर पेशींवरून आहे तसाच परततो. काही प्रकाश धावणाऱ्या तांबड्या पेशींवर आपटून परततो आणि त्याची कंप्रता किंचित बदललेली असते.

हे 'किंचित' म्हणजे किती? तांबडा हेलियम-निऑन लेझर सेकंदाला सुमारे ४७४ लाख कोटी वेळा कंप पावतो. केशवाहिनीतली पेशी सेकंदाला अर्धा मिलिमीटर सरकत असेल तर यात फार तर दीड हजारांचा फरक पडतो. एवढ्या अवाढव्य आकड्यातला दीड हजारांचा फरक कुठल्याही वर्णपटमापकाला सुटा पकडता येणार नाही.

इथे तंबोरा आठवावा. मिरजेचा असो की आणखी कुठला, मधल्या दोन जोडीच्या तारा एकाच षड्जाला लावलेल्या असतात. एक तार केसभर उतरली की दोन्ही मिळून छेडताना आवाज हेलकावू लागतो, वंव-वंव असा. १३८ आणि १३९ कंपनांच्या तारा असतील तर सेकंदाला एक हेलकावा. कानाला १३८ आणि १३९ हा फरक सुटा ओळखता येणार नाही, पण हेलकावा कोणालाही ऐकू येतो, आणि गवई तो नाहीसा होईपर्यंत मणी सरकवत राहतात.

लेझर डॉप्लर यंत्र हेच करतं. स्थिर ऊतीवरून आलेला प्रकाश ही सुरात लागलेली तार, तांबड्या पेशींवरून आलेला प्रकाश ही उतरलेली तार. दोन्ही एकाच प्रकाशग्राहकावर पडले की तिथल्या प्रकाशाची तीव्रता सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा हेलकावते. ४७४ लाख कोटी बाजूला पडतात आणि फक्त फरक उरतो. तो फरक साध्या विद्युतयंत्रणेला सहज मोजता येतो. गंमत म्हणजे ही कंप्रता माणसाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच आहे. तो संकेत ध्वनिवर्धकाला जोडला तर रक्तप्रवाहाची खरखर ऐकूही येते.

प्रत्यक्षात पेशी एकाच वेगाने, एकाच दिशेने जात नाहीत. त्यामुळे एक स्वच्छ हेलकावा मिळत नाही, असंख्य हेलकाव्यांची सरमिसळ मिळते. त्यातून यंत्र दोन गोष्टींचा गुणाकार काढतं : पेशी किती आणि त्यांचा सरासरी वेग किती. याला 'फ्लक्स' म्हणतात. मायकेल स्टर्न यांनी १९७५ मध्ये ही पद्धत त्वचेवर दाखवली. १९८३ मध्ये जोसेफ मिलर आणि सहकाऱ्यांनी तिने अंतर्कर्णाचा प्रवाह मोजल्याचं प्रसिद्ध केलं. त्यानंतर गिनीपिगच्या कॉक्लियावर बारीक शलाका टेकवून मोजमापांचा पूरच आला. औषध दिलं, प्रवाह वाढला. धमनी दाबली, प्रवाह घटला. क्षणाक्षणाचा आलेख, आणि प्राणी जिवंत.

गिनीपिगचा कान, माणसाचा कान

गिनीपिग निवडण्याचं एक कारण म्हणजे त्याची कॉक्लिया मध्यकर्णाच्या पोकळीत उघडी बाहेर आलेली असते आणि तिच्यावरचं हाड कागदासारखं पातळ असतं. माणसात ती जाड हाडात गाडलेली आहे. लेझर साधारण मिलिमीटरभर आत शिरतो. त्यामुळे माणसाच्या मध्यकर्णात, कॉक्लियाच्या फुगवट्यावर शलाका ठेवली तर बराचसा संकेत त्या हाडावरच्या ओलसर आवरणातल्या रक्ताचाच येतो. जपानमध्ये नागोयाच्या त्सुतोमु नाकाशिमा यांच्या गटाने कॉक्लियर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेत हाड कोरलेलं असताना मोजण्याचा प्रयत्न केला. ती संधी चांगली, पण ते कान आधीच बहिरे झालेले असतात. निरोगी कानाचा आकडा त्यातून मिळत नाही.

यंत्राचे स्वतःचे दोषही आहेत. फ्लक्स हा मिलिलिटरमध्ये येत नाही. 'आधीपेक्षा तीस टक्के वाढ' असं सांगता येतं, 'मिनिटाला इतकं रक्त' असं नाही. म्हणून एका माणसाची दुसऱ्याशी तुलना जवळपास निरर्थक. आणि रक्त पूर्ण थांबवलं तरी आकडा शून्यावर येत नाही, कारण पेशींची बारीकसारीक हालचाल चालूच असते.

नव्या पद्धती येत आहेत. लेझरच्या ठिपकेदार चित्रातली धूसरता मोजून प्रवाहाचा नकाशा काढणारी एक पद्धत फेर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये डोळ्यासाठी मांडली. ती आता कानाकडे वळली आहे. प्रकाशाच्याच साहाय्याने ऊतीचे थर-थर टिपणारं ओसीटी तंत्र उंदरांच्या कॉक्लियात एकेक रक्तवाहिनी दाखवू शकतं. एमआरआय मात्र इथे तोकडा पडतो. मेंदूतला रक्तप्रवाह दाखवताना त्याचा एकेक ठिपका काही मिलिमीटरचा असतो. तेवढ्यात कॉक्लियाचा मोठा भाग, भोवतीचं हाड आणि हवेची पोकळी सगळं मावतं.

प्रवाह नाही तर परिणाम

सरळ वाट बंद असेल तर आडवाट. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये लंडनमध्ये दाखवलं की निरोगी कान आवाज ऐकून स्वतःही बारीक आवाज परत पाठवतो. तो येतो बाहेरच्या ओळीतल्या केसपेशींच्या हालचालीतून. या पेशी त्या पट्टीच्या विद्युतदाबावर चालतात आणि पट्टी रक्तावर. म्हणून रक्त कमी झालं की हा आवाज लगेच बदलतो. नवजात बाळांची श्रवणचाचणी याच आवाजाच्या आधारे होते. श्रवणनसेजवळची गाठ काढताना शल्यविशारद कानाचे विद्युत संकेत आणि कधीकधी हा आवाजही पाहत राहतात. संकेत खचले तर हात थांबवतात, कारण धमनी चेपली गेली असण्याची शक्यता असते. रक्त मोजलेलं नसतं, तरी रक्ताची खबर मिळते. माणसाच्या बाबतीत सध्या हीच सर्वांत कामाची वाट आहे, असं मला वाटतं.

मग गोळीचं काय?

चक्करेसाठी आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं बीटाहिस्टीन गिनीपिगच्या कॉक्लियात रक्तप्रवाह वाढवतं. लेझर डॉप्लरने ते दिसलं आहे. पण गिनीपिगच्या कानातला प्रवाह वाढला म्हणून माणसाची चक्कर कमी होईल, हे गृहीत धरता येत नाही. जर्मनीत मेनिएर या, चक्करेचे झटके आणणाऱ्या अंतर्कर्णाच्या आजाराच्या २२१ रुग्णांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये 'बीएमजे'त प्रसिद्ध झाली. नऊ महिने काहींना कमी डोस, काहींना जास्त डोस, काहींना औषध नसलेली गोळी. चक्करेचे झटके तिन्ही गटांत सारखेच कमी झाले. म्हणजे गोळी घेतल्यावर बरं वाटलं, एवढ्यावरून ते गोळीमुळेच वाटलं असं म्हणता येत नाही. आणि अंथरुणात कूस बदलताच काही सेकंद खोली गरगरते, त्या चक्करेचं नेहमीचं कारण तर रक्त नसतंच. तोलाच्या अवयवातले कॅल्शियमचे बारीक खडे जागेवरून सरकलेले असतात आणि डोकं ठराविक रीतीने फिरवून ते परत बसवता येतात.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं होणं हा जास्त गंभीर मामला. अमेरिकेत दरवर्षी लाखात ५ ते २७ जणांना ते होतं. बहुतेकांत कारण सापडत नाही. रक्त अडणं हा एक संशयित आहे, विषाणू हा दुसरा. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं सरसकट देऊ नयेत. स्टेरॉइड द्यायचे तर लवकर, पहिल्या दोन आठवड्यांत. बऱ्याच जणांचं ऐकणं उपचारांशिवायही काही प्रमाणात परत येतं. त्यामुळे एखाद्याला एखाद्या गोळीने 'गुण आला' यावरून काही सिद्ध होत नाही.

पुढच्या वेळी कोणी कानाचा रक्तपुरवठा कमी झाल्याचं सांगितलं तर शांतपणे विचारा : डॉक्टर, हे कोणत्या तपासणीतून कळलं? चांगले डॉक्टर रागावणार नाहीत. 'हा अंदाज आहे' असं सांगतील आणि त्यामागचं कारणही देतील. आणि एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून कोमट तेल घालत आठवडा घालवू नका. त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. सोबत तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एकाचं दोन दिसणं किंवा चालताना तोल जाणं असेल, तर तज्ज्ञांचीही वाट पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.